कुओम्बोका पाहायचा असेल तर तारीख पाण्यावर सोडा

प्रश्न पुण्यातल्या एका कुटुंबाचा आहे. सहा जण, त्यांत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, सगळे शाकाहारी. एप्रिलमध्ये झांबियाला व्हिक्टोरिया धबधबा पाहायला जायचं ठरलंय आणि त्याला जोडून तिथल्या लोकांचा एखादा खरा पारंपरिक सण पाहायचाय. एका सहल कंपनीने दहा दिवसांत झांबिया, एस्वातिनी (पूर्वीचं स्वाझीलँड) आणि दक्षिण आफ्रिकेतला झुलू प्रदेश असे ‘तीन उत्सव’ दाखवणारं पॅकेज पुढे केलंय. ते घ्यावं का, असं त्यांनी विचारलंय. मी गेली बरीच वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन या भागात फिरतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

घेऊ नका. एस्वातिनीतला उम्ह्लांगा, म्हणजे बोरूंचा सण, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो. झुलूंचाही सप्टेंबरातच असतो. एस्वातिनीतला दुसरा मोठा सोहळा इन्क्वाला, तो डिसेंबर-जानेवारीत. त्यामुळे एप्रिलमध्ये तुम्हाला जे दाखवतील ते पर्यटकांसाठी उभारलेल्या खेड्यातलं तासाभराचं नृत्य असेल. नाचणारे कसलेले असतात, त्यावर त्यांचं घर चालतं, त्याला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण तुम्ही सण विचारलाय. एप्रिलच्या आसपास त्या भागात जिवाचं रान करून पाहावा असा सण एकच आहे: पश्चिम झांबियातल्या लोझी लोकांचा कुओम्बोका. तेवढाच धरा, त्याला चार-पाच दिवस द्या आणि बाकीचे पुढच्या वेळेसाठी ठेवा.

आधी तिथलं पाणी समजून घ्या, म्हणजे सण आपोआप समजेल. झांबेझी नदी झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते, अंगोलात शिरते आणि पुन्हा झांबियात येते. तिथे तिला बारोत्से नावाचं अफाट सपाट मैदान लागतं. नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो, अंगोलाच्या उंच भागातलं पाणी सावकाश खाली उतरतं आणि पाऊस ओसरत आला की मैदान भरायला लागतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी जिथे गुरं चरत होती तिथे नजर पोचेल तिथवर पाणी, त्यात गवताचे शेंडे आणि मधेच बेटासारख्या दिसणाऱ्या मातीच्या उंचवट्यांवरची घरं. लोझींना या पुराची भीती नाही. पूर गाळ आणतो, मासळी आणतो, ओसरल्यावर कुरण देऊन जातो. तुम्ही एप्रिलमध्ये धबधब्यापाशी जे तुषार अंगावर घ्याल, ते पाणी याच मैदानातून उतरून आलेलं असतं.

लोझींच्या राजाला लिटुंगा म्हणतात. कोरड्या ऋतूत त्याचं बस्तान मैदानातल्या लेआलुईला आणि पुराच्या काळात कडेच्या उंच जमिनीवरच्या लिमुलुंगाला. पाणी चढलं की राजा आपल्या लवाजम्यासह नावेतून लेआलुईहून लिमुलुंगाला जातो, हाच कुओम्बोका. अशा पुरात बुडू न देणाऱ्या मोठ्या नावेची कथा लोझी सांगतात: महापूर आला तेव्हा न्यांबे या परमेश्वराने नाकांबेला नावाच्या माणसाला पहिली नालिक्वांडा बांधायला लावली. राजाच्या नावेचं नाव आजही नालिक्वांडाच आहे.

आता तारखेचं. हा मुद्दा नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. कुओम्बोकाची तारीख कुठल्याही कॅलेंडरवर आधी छापलेली नसते. मार्चचा शेवट ते एप्रिल या काळात, मैदानात पुरेसं पाणी आलंय अशी राजदरबाराची खात्री पटली की घोषणा होते. आणि पाणीच आलं नाही, तर सण होत नाही. २०२४ मध्ये झांबियात असा दुष्काळ पडला की फेब्रुवारीअखेर राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. त्या वर्षी कुओम्बोका झाला नाही. कुणी एजंट सहा महिने आधी तुम्हाला ‘कन्फर्म तारीख’ देत असेल, तर त्याला हा सण कशावर चालतो तेच माहीत नाही. सरकारी अंदाज किंवा जुन्या वर्षांच्या तारखा पाहून तिकिटं काढायची तर अशी काढा, की बदलता येतील. किंवा मैदानाच्या काठच्या मोंगू गावी जाऊन सण चुकला तरी मैदान, नदी आणि धबधबा पाहून समाधानी परत येऊ, असं मनाशी ठरवून निघा. सण झाला तर तो वरचा प्रसाद.

सण घडतो कसा, ते सांगतो.

आदल्या रात्री लेआलुईत माओमा नावाचे राजाचे प्रचंड नगारे वाजतात. हे फक्त पुरुषांनी वाजवायचे. सपाट मैदानात आणि पाण्यावरून तो आवाज फार लांब जातो. उद्या निघायचंय, वल्हेकऱ्यांनी हजर व्हावं, असा तो निरोप. मोंगूत मुक्काम असेल तर त्या संध्याकाळी गावातली हवाच बदललेली दिसते: बायका मिसिसी नावाच्या घोळदार पोशाखात, पुरुष सिझिबा म्हणजे घेराचं वस्त्र आणि वर जाकीट, डोक्यावर लाल टोपी. राजधानी लुसाकात बँकेत काम करणारा माणूससुद्धा त्या दिवशी गावाकडचा होऊन आलेला असतो.

सकाळी नालिक्वांडा निघते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांबलचक नाव, मधोमध पांढऱ्या कापडाची मेघडंबरी आणि तिच्यावर भला मोठा काळा हत्ती. जवळून पाहिलात तर हत्तीचे कान हलताना दिसतील. आत माणसं असतात, ती खालून कान हलवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं वाऱ्याने हलतायत. मग लक्षात येतं की वारा नाहीये. वल्ही मारायला शंभराच्या आसपास माणसं, उभ्याने, लाल टोप्या आणि त्यांत खोवलेली सिंहाची आयाळ, कमरेला कातडी. ही माणसं सहज म्हणून निवडलेली नसतात, तिथे जागा मिळणं हा घराण्याचा मान आहे. ढिला पडणाऱ्याला पूर्वी सरळ पाण्यात ढकलून देत, असं म्हातारे वल्हेकरी आजही तरुणांना ऐकवतात. पुढे पांढऱ्या छोट्या होड्या चालतात, पाण्याची खोली आणि वाट पाहत. पूर्वी त्यांचं काम शत्रू पाहणं हेही होतं. नालिक्वांडात वादक असतात, नगारे आणि सिलिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, आणि आत चूल पेटलेली असते. लांबून धूर दिसला की काठावरचे लोक म्हणतात, राजा सुखरूप आहे. मोयो, म्हणजे राणी, वेगळ्या नावेत असते. तिच्या नावेवर मोठा पक्षी, त्याचे पंखही असेच आतून हलतात.

हा प्रवास सहा ते आठ तासांचा असतो. त्यामुळे एक निर्णय आधीच घ्या: निघणं पाहायचं की पोचणं? दोन्ही पाहायचं म्हणाल तर दिवसभर भाड्याच्या होडीत, उन्हात, डोक्यावर छप्पर नसताना काढावं लागेल. तरुण मंडळींना ते जमेल. तुमच्याबरोबर आई-वडील आहेत, तेव्हा माझं स्पष्ट मत लिमुलुंगाच्या बाजूने आहे. दुपारी लवकर तिथल्या धक्क्यापाशी जागा धरा, दोन घडीच्या खुर्च्या, छत्र्या, पाणी आणि खाण्याचा डबा सोबत असू द्या. तिथे नुसतं ताटकळत बसणं नसतं. नाच चाललेले असतात, गावोगावचे लोक आलेले असतात, लहान मुलं झाडांवर चढलेली असतात, आणि क्षितिजावर हत्तीचा काळा ठिपका दिसला की जी आरोळी उठते ती ऐकायला मिळते. दोघा-तिघांना फारच हौस असेल तर त्यांनी सकाळी मोंगूच्या बंदरातून होडी घेऊन लेआलुईला जावं. होडीवाल्याकडे लाइफ जॅकेट आहे का ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाय ठेवू नये, आणि कितीही मोह झाला तरी होडी राजाच्या नावेपुढे काढायला सांगू नये.

लेआलुईहून निघताना लिटुंगा पारंपरिक वेशात असतो. लिमुलुंगाला तो उतरतो ब्रिटिश आरमाराच्या अ‍ॅडमिरलचा गणवेश घालून, सोनेरी भरतकाम, पिसांची टोपी असा सगळा थाट. इथे आपल्याकडच्या काही जणांना हसू येतं, ‘अजून इंग्रजांचे कपडे?’ असं मोठ्याने बोलणारेही मी पाहिलेत. त्यामागचा इतिहास माहीत असेल तर हसू येणार नाही. लोझींच्या लेवानिका राजाने १८९० मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीशी करार केला तेव्हा आपण इंग्लंडच्या राणीशी बोलतोय अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात समोर एक व्यापारी कंपनी होती. १९०२ मध्ये तो सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला गेला आणि तिथे त्याला हा मानाचा गणवेश मिळाला. माझ्या मते लोझी तो आजही जपतात ते याचसाठी, की एका राजाला दुसऱ्या राजाने बरोबरीने वागवल्याची ती खूण आहे. कंपनीने केलेल्या फसवणुकीनंतर त्या खुणेची किंमत किती असेल, हे आपल्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको.

नाव लागली की काठावरचे लोक गुडघे टेकतात, एका तालात टाळ्या वाजवतात, दोन्ही हात वर उचलून ‘यो शो!’ म्हणून राजाला मुजरा करतात. तुम्ही करावं अशी कुणाची अपेक्षा नसते, पण त्या वेळी उभं राहून मोबाइल उंच धरू नये. बसावं. गुडघ्यांना त्रास असलेल्यांनी खुर्चीतच बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. एरवी भेटणाऱ्यांना ‘लुमेला शा’ म्हणावं, दिल्या-घेतल्याला ‘नी इतुमेझी’ म्हणावं. तेवढ्यावर माणसं खुलतात. बायकांनी गुडघ्याखालचे कपडे घालावेत, एक साधी ओढणी किंवा तिथेच बाजारात मिळणारं चितेंगे कमरेला गुंडाळावं. राजवाड्याच्या कुंपणाच्या आत कुणी बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि आत फोटोसाठी विचारायचं. आणखी एक, फार कमी लोक हे सांगतात: बारोत्सेलँड, म्हणजे लोझींचा प्रदेश, आणि झांबियाचं सरकार यांच्यातला १९६४ चा करार आणि तो पुढे रद्द झाल्याचा विषय तिथे दुखरा आहे. कुणी आपणहून सांगितलं तर जरूर ऐका, चारचौघांत आपण उकरून काढू नका.

जाण्या-राहण्याचं पटकन सांगतो. लुसाकाहून मोंगू साधारण ६०० किलोमीटर, रस्ता काफुए अभयारण्यातून जातो. पहाटे निघा, अंधार पडायच्या आत पोचा, रात्री त्या रस्त्यावर जनावरं असतात. धबधब्याजवळच्या लिव्हिंग्स्टनहून सेशेके आणि सेनंगा मार्गेही येता येतं, आणि तुमचा बेत धबधब्यापासून सुरू होणार असेल तर तोच मार्ग सोयीचा. सणाच्या आठवड्यात मोंगूत खोली मिळत नाही, मिळाली तर भाडं चढलेलं असतं. रोख क्वाचा, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि मोंगूत मच्छरदाणीतच झोपा, पाण्याचा प्रदेश आहे. पिवळ्या तापाच्या लसीचे नियम बदलत असतात, तिकीट काढतानाच पाहून घ्या. जेवण मासळीवर चालतं, पण मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याबरोबर शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी, उकडलेल्या शेंगा आणि घट्ट दही हे शाकाहारी माणसाला पुरतं. भाजीत वाळलेली मासळी घालायची पद्धत आहे, तेवढं आधी विचारा. आईंना सोबत मेतकूट आणि लोणचं न्यायला सांगा, त्या उकडीबरोबर फार छान लागतं.

सणाचा दुसरा दिवस सोडू नका. पाहुण्यांच्या गाड्या परत गेलेल्या असतात आणि लिमुलुंगात गावकऱ्यांचे नाच सुरू असतात. पुरुषांचा न्गोमालुमे नाच तेव्हा निवांत पाहता येतो. लिमुलुंगातलं नायुमा संग्रहालयही त्याच दिवशी पाहा.

पुढच्या वेळी कुठला सण निवडावा, हेही तुम्ही विचारलंय. एप्रिलखेरीज सुट्टी कधी मिळते यावर ते ठरेल.

फेब्रुवारीअखेर मोकळे असाल तर पूर्व झांबियातल्या चिपाटाजवळ मटेन्गुलेनीला न्गोनी लोकांचा न्च्वाला असतो. न्गोनी हे मुळात झुलू प्रदेशातून उत्तरेला निघालेले लोक. झ्वांगेंडाबाच्या नेतृत्वाखाली त्यांनी झांबेझी ओलांडली तो दिवस पक्का सांगता येतो, कारण त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं: २० नोव्हेंबर १८३५. न्च्वाला हा नव्या पिकाचा सण आहे. कोकणात नव्याच्या पुनवेला भाताच्या लोंब्या दाराला बांधल्याशिवाय नवं धान्य खात नाहीत, तसंच तिथे राजाने चाखल्याशिवाय नवं पीक तोंडी लावायचं नाही. मात्र या सोहळ्यात भाल्याने बैल मारतात आणि राजा त्याचं रक्त पितो. हे जवळून पाहवणार नसेल तर जाऊ नका, आणि गेलात तर तिथे तोंड वाकडं करू नका.

इन्क्वालाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे तो ‘रंगीबेरंगी उत्सव’ म्हणून विकला जातो. स्वाझी लोकांचा हा सगळ्यांत पवित्र सोहळा. त्यात राजाच्या सत्तेचं आणि साऱ्या जमिनीचं नूतनीकरण होतं. बेमांती म्हणवले जाणारे लोक समुद्राचं आणि नद्यांचं पाणी आणतात. अमावास्येच्या सुमाराला छोटा इन्क्वाला होतो, पौर्णिमेला मोठा. अविवाहित तरुण लांबवर चालत जातात आणि चांदण्या रात्री लुसेक्वाने नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या तोडून आणतात. ज्याचं वर्तन शुद्ध नाही त्याच्या हातातली फांदी कोमेजते, अशी श्रद्धा आहे, आणि मुलं ती फांदी ज्या जपणुकीने धरून चालतात ते पाहिलं की श्रद्धा किती खोल आहे ते कळतं. मग राजा नव्या पिकाची चव घेतो, शेवटी होळी पेटते आणि जुनं सगळं जळतं. मुख्य विधी बाहेरच्यांना पाहायला मिळत नाहीत, फोटोला बंदी असते. मला ते अगदी योग्य वाटतं. तुम्ही लोबांबाला जाऊन बाहेरच्या मैदानावर हजारो माणसांचं गाणं ऐकलंत तरी जाणं सार्थकी लागतं. फोटो मिळाले नाहीत म्हणून पैसे बुडाले असं वाटणार असेल, तर दुसरा सण निवडा.

उम्ह्लांगाविषयी एवढंच. हजारो अविवाहित मुली पाणथळीतून उंच बोरू तोडून आणतात आणि लुड्झिड्झिनीला राजमातेच्या निवासाचं कुंपण त्यांनी दुरुस्त होतं. शेवटच्या दिवसांतला नाच तुम्हाला पाहता येतो. राजकन्या डोक्यावरच्या लाल पिसांवरून ओळखू येतात. मुली पारंपरिक वेशात, उघड्या छातीने असतात. तिथे आपल्या काही पुरुष पर्यटकांचे कॅमेरे जसे फिरतात ते पाहून मला शरम वाटली आहे. माझ्या गटात मी निघायच्या आधीच सांगतो: लांबून समूहाचा फोटो चालेल, एका मुलीवर कॅमेरा रोखायचा नाही, आणि प्रवेशाशी जो नियम सांगतील तो शेवटचा. हे मान्य नसेल त्याने येऊ नये.

आणि ऑगस्ट जमत असेल तर माझी स्वतःची पसंती झांबेझी गावाजवळ मिझेला होणाऱ्या लुवाले लोकांच्या लिकुंबी ल्या मिझेला. तिथे माकिशी येतात, सालीच्या दोऱ्याचे विणलेले अंगरखे आणि लाकडाचे-राळेचे मुखवटे घातलेले पूर्वज. त्यांचा खरा संबंध मुकांडाशी आहे, म्हणजे मुलांना गावापासून दूर रानातल्या तळावर नेऊन सुंता करतात, शिकवतात आणि मोठं करून परत आणतात, त्या संस्काराशी. प्रत्येक मुलाला एक माकिशी सांभाळतो. चिसालुके हा श्रीमंत, वजनदार पुरुष. मुपाला हा साऱ्या तळाचा धनी. प्वेवो ही आदर्श स्त्री, आणि तिचं सोंगही पुरुषच घेतो. युनेस्कोने २००५ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. मुखवट्याआड कोण आहे हे विचारायचं नाही, गावातल्या बायका-मुलांसमोर तर मुळीच नाही. तिथल्या लोकांसाठी आत ‘कोणी’ नसतो, पूर्वज असतो. त्याच महिन्याच्या शेवटी कातेतेजवळ म्काइकाला चेवा लोकांचा कुलांबा असतो. झांबिया, मलावी आणि मोझांबिक या तीन देशांतले चेवा मुखिये तिथे कलोंगा गावा उंडी या राजाला मानवंदना द्यायला येतात आणि गुले वामकुलू नावाच्या नाचातले मुखवटे नाचतात. वसाहती सरकारने १९३४ मध्ये बंद पाडलेला हा सण १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर मात्र झांबियाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं आहे, एका आठवड्यात दोन्ही उरकायचा मोह टाळा.

तुमच्या एप्रिलच्या बेताकडे परत येतो. आज करायचं काम एवढंच: विमानाची बदलता येणारी तिकिटं घ्या, लिव्हिंग्स्टनच्या मुक्कामाला पुढे-मागे चार दिवसांची सवड ठेवा, आणि मोंगूत एखाद्या छोट्या लॉजवाल्याशी थेट फोनवर ओळख करून घ्या. मार्च लागला की त्याला दर आठवड्याला विचारा, मैदानात पाणी कुठवर आलंय. घोषणा व्हायच्या आधी त्याच्याकडूनच तुम्हाला अंदाज येईल. तो म्हणाला की लेआलुईच्या उंचवट्याला पाणी टेकलंय, की खोल्यांचे पैसे भरून टाका.